बंगल्यात कप्तान आला कुठून?

—नाही हो सेक्रेटरीसाहेब, फसवणूक कसली! बसा तरी. त्या स्टुलावर नको, सरस सांडलाय. तर वाचनालयाचं म्हणणं काय? दर नाताळला तुम्ही एक जुनी रहस्यकथा मोठ्यानं वाचून दाखवता, शेवट राखून ठेवता, आणि लोकांनी चिठ्ठीवर गुन्हेगाराचं नाव लिहायचं. बरोबर? सगळ्यांनी लिहिलं बटलर. आमच्या हिनं एकटीनं लिहिलं कप्तान. शेवट वाचला, तर निघाला कप्तानच! दिलीत ढाल, वाजवल्यात टाळ्या. आणि आता आठ दिवसांनी म्हणे, गोष्टीत कप्तानच नाही! — नसेल. बर्फात अडकलेला बंगला, नाताळची मेजवानी, मोत्यांचा हार गायब — तिथं कप्तान कशाला येतोय, बोट काय गच्चीला लागणार? पण म्हणून हिनं आधीच शेवट वाचला म्हणता? अहो, बुद्धी आहे तिची! घरात बशी फुटली की माझ्या तोंडाकडे बघून ओळखते.

बरं, कप्तानाचं सांगतो — पण आपल्यात हं. पुस्तक माझ्याकडे बांधायला आलं तेव्हा पार खिळखिळं, आत नाताळच्याच दोन गोष्टी — एक बंगल्याची, एक जहाजाची. कोपरे झिजलेले, पानांचे आकडे कुठले दिसतायत! सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे केले, ओळीनं मांडले, आणि — काय सांगू — एक उचलला तो वाचतच बसलो. जहाजावरचा नाताळ, खून झालेला, मला राहवेना. वाचून झाल्यावर ठेवला भलत्याच जागी. झालं! बंगल्याला जहाजाचा शेवट लागला. आणि जहाजाला? जहाजाला बंगल्याचा — भर समुद्रात माळी पकडला जातो! चूक माझी, शंभर टक्के माझी. हिचा काय दोष? ती बिचारी नुसते फर्मे शिवते, आणि शिवता शिवता शेवट वाचायची तिला खोडच — म्हणजे — तसं नाही — अहो, लिहून काय घेताय?

बरं, वाचला! वाचला तिनं. तिला वाटतं, मला ठाऊक नाही. पण साहेब, बावीस वर्षं माझ्याकडची पुस्तकं शिवतेय ती, बोटांची चाळण झाली, आणि तिच्यासाठी कुणी टाळी वाजवली ती त्या दिवशी पहिल्यांदा. रोज सकाळी ढाल पुसते. मला बघवत नाही हो — म्हणजे बघून बरं वाटतं, इतकं बरं वाटतं की रडू येतं. ढाल नेऊ नका. हवं तर बांधणीचं काम काढून घ्या माझ्याकडून. फक्त बाकीची पुस्तकं तपासत बसू नका. नाही, काही नाही, सहज म्हटलं. बालसंगोपन आणि कुक्कुटपालन एकाच आठवड्यात बांधली होती, एवढंच. कुणाची तक्रार आली नाही ना अजून? मुलं बरी आहेत ना सगळी?

—चूप! ती आली. वही खिशात घाला. अगं, हे सेक्रेटरीसाहेब, मुद्दाम आलेत. कशाला म्हणजे? तुझं अभिनंदन करायला! करा ना साहेब. — करा! — हां. झालं? बरं, या आता.