गेंड्यांच्या समाध्या

केनियातल्या नान्युकीच्या स्टँडवर मटाटू, म्हणजे वडाप, माणसांनी भरायची वाट बघत गाकी खिडकीशी बसली होती. पुढच्या बाकावर दोघी म्हाताऱ्या नणंद-भावजय बोलत होत्या. भावजय, कार्विथा, चर्चच्या बायकांबरोबर नुकतंच अभयारण्य पाहून आली होती.

“दिसले का गं गेंडे, वहिनी?”

“दिसले की. मेलेलेही दिसले. चोरट्यांनी मारलेल्या एकेका गेंड्याची समाधी बांधलीय तिथं. दगडावर नाव कोरलंय.”

“गेंड्याचं नाव?”

“नाव, आणि स्वभाव कसा होता तेही. एक म्हणे फार लाजाळू होता.”

“अगं बाई. आणि तिथं गोऱ्या साहेबाच्या गुरांचा मळा होता तेव्हाच्या आपल्या झोपड्या?”

“सपाट केल्यात. नुसतं गवत वाढलंय. मी वाटाड्याला म्हटलं, बाबा, त्या बाभळीखाली माझी तान्ही लेक पुरलीय, गाडी जरा थांबव. तर म्हणतो, इथं उतरायला बंदी आहे आजी, जनावरं बिथरतात.”

“आणि समाध्यांपाशी?”

“तिथं उतरवलं. मान खाली घालून मिनिटभर गप्प उभं राहायला सांगितलं.”

“तू राहिलीस उभी?”

“उभी राहिले. गप्प नाही राहिले. मोठ्यानं लेकीचं नाव घेतलं, किनानू.”

गाकीच्या हातातलं भाजलेलं कणीस तसंच राहिलं.

“मग तो काय म्हणाला?”

“म्हणाला, आजी, ह्या नावाचा गेंडा आमच्याकडे नव्हता.”

“आणि तू?”

“मी काय. परत नाव घेतलं. आणखी मोठ्यानं.”