सोरखाचे बूट

उचल ते आधी मेजावरनं! बूट मेजावर ठेवतात होय रे फेलिम? — घरात मढं पडतं त्यानं — हो हो, तुझ्या घरात पडूनच गेलंय, ठाऊक आहे मला, थडग्यावर मातीही लोटलीय मी. खाली ठेव. शी! आत काय हे, कोंबडीची पिसं? खुराड्यात टाकले होतेस काय? — आणि आता म्हणतोस, रुंद करून दे. कुणासाठी? — नव्या बायकोसाठी! अरे, सोरखाला जाऊन वर्ष नाही झालं. किळस येते मला तुझी, तोंडावर सांगतो.

थांब, बोलू दे. बाई गेली की तिच्या नावानं कुणीतरी तिचे बूट पहिले तीन रविवार चर्चात मिस्सेच्या प्रार्थनेला घालून जायचं — तेव्हाच ते तिला तिकडे मिळतात — शेंबड्या पोरालाही कळतं हे. कोण गेलं घालून? — कुणी नाही! तुझ्या सख्ख्या बहिणीनं मागितले तर म्हणालास, झिजतील. झिजतील! — अरे, ती जन्मभर अनवाणी चालली, बूट हातात धरून — चर्चच्या अलीकडच्या ओढ्यात पाय धुवायची, पुसायची, मग घालायची, मिस्सा संपली की परत काढायची — हा तळ बघ, कोरा आहे अजून — आणि आता तिकडेही अनवाणीच फिरतेय, दगडाधोंड्यांतनं, तुझ्या चिक्कूपणापायी. डाव्या पायाची करंगळी आत वळलेली होती तिची, थंडीत ठणकायची. माहीत होतं तुला? — नव्हतंच. म्हणून तिथं मऊ कातडं लावलं मी, आतनं, कुणाला दिसू नये असं.

नाही देणार परत. ओरड खुशाल. माझी बहीण उना घालेल या रविवारी — चावले तरी घालेल. उशीर झालाय, पण होऊ दे. तुझ्या बायकोला हवेत तर गॉलवेच्या बाजारातनं आण, नाहीतर तिला घेऊन ये, माप घेतो, नवे करतो — हे नाही.

काय? — तो? फळीवरचा? साचा आहे, लाकडी, पायाच्या मापाचा. — करंगळी? हो, आत वळलेली आहे त्याची, मग? सगळ्यांचेच करतो मी. — बाकीचे कुठायत? — बाकीचे... जाळले. हिवाळ्यात दलदलीतनं कापून आणलेली जळणाची ढेकळं ओली होती, चूल पेटेना, मग काय करणार, एकेक घातला — तू कशाला विचारतोस? — हात लावू नकोस त्याला! ठेव. ठेव म्हणतो ना —

जा फेलिम. दार ओढून घे.