सातवा प्रश्न

— नाही नाही नाही, मॅडम, तुम्ही बोलायचंच नाही. एक अक्षर नाही. बसा, पाणी प्या, बिस्किटं खा — मऊ पडलीत, पण खा, निदान कुडुमकुडुम तरी होत नाही — आणि पुस्तकाबद्दल मला काही म्हणजे काही सांगू नका. बोलायचं काम माझं. हो, हीच तर माझी नोकरी! कागदोपत्री मी ह्या रेडिओ केंद्राची 'कार्यक्रम सहायक', प्रत्यक्षात पाहुण्याला पंधरा मिनिटं गप्प बसवणारी बाई. का म्हणजे? अहो, माणसाकडे सांगण्यासारखी गोष्ट असते एक, फार तर दीड, आणि पहिला ऐकणारा भेटला की तो ती सांगून मोकळा होतो. ती इथे सांडली, की आत माईकसमोर नुसतं चिपाड. एक गिर्यारोहक आले होते — ह्याच खोलीत, बर्फात अडकून तीन दिवस कसे काढले ते असं काही सांगितलं, मी रडले, शिपाई रडला, पाण्याचा जग घेऊन तसाच उभा. मग गेले आत. आमचे निवेदक म्हणाले, "सांगा ना, कसे होते ते तीन दिवस?" हे म्हणतात, "थंडी होती." बरं, मग? "मग उतरलो." झाली मुलाखत! उरलेली पस्तीस मिनिटं आमच्या साहेबांनी स्वतःच्या लहानपणच्या सर्दीवर काढली.

साहेब म्हणजे मधाळराव. तोंडावर नाही म्हणत आम्ही. आवाजच तसा आहे हो त्यांचा, बातम्यांतलं तापमान वाचलं तरी ऐकणारी बाई पदर — नाही, ते जाऊ दे. तुमचं पुस्तक त्यांनी वाचलंय का? वाचलंय ना! आता बघा, आत गेलात की म्हणतील, "काल हातात घेतलं आणि खाली ठेववेना." खाली ठेवायला आधी उचलावं लागतं, पण ते असो. पानांतून पिवळ्या चिठ्ठ्या डोकावताना दिसतील, त्या माझ्या. पेन्सिलीच्या खुणा माझ्या. कोपऱ्यात पाण्याचा डाग आहे तोसुद्धा माझा, त्याबद्दल माफी असावी. एकोणीस वर्षं वाचतेय मी. मधमाश्या वाचल्या, पूल कसे कोसळतात ते वाचलं, एका माजी मंत्र्यांचं सहाशे पानांचं आत्मचरित्र वाचलं — सहाशे पानांत त्यांची एकही चूक नाही हो, जन्मापासून, मला तर शंका आली की जन्मलेच कसे. झोपेवर पुस्तक लिहिणारे डॉक्टर आले होते, ते आत सोळा वेळा जांभई देऊन गेले. आणि गेल्या वर्षी मधाळरावांना 'चोखंदळ वाचक' म्हणून पुरस्कार मिळाला. मी टाळ्या वाजवल्या. मीच भाषण लिहिलं होतं, मग टाळ्या नको वाजवायला?

वही काढलीत? काढा, काढा. उजळणी करा, बरं असतं. मी बोलते, तुम्ही तुमचं चालू द्या. पद्धत तेवढी सांगून ठेवते, म्हणजे आत गोंधळ नको. प्रत्येक पाहुण्याचं एक कार्ड असतं. कार्डावर प्रश्न सात. सहा निळ्या शाईत, सातवा लाल. लाल म्हणजे राखीव — वेळ उरलाच तर विचारायचा. आणि गंमत सांगू? वेळ उरतच नाही. पाहुणा एक वाक्य बोलला की मधाळरावांना त्यावरून काहीतरी आठवतं, आणि ते आठवलं की पाच मिनिटं गेलीच. बहुतेक वेळा चौथ्यावर गाडी थांबते. पाचवा म्हणजे डोक्यावरून पाणी. सातवा प्रश्न ह्या केंद्रावर एकोणीस वर्षांत — एकदा. एकदाच विचारला गेला. म्हणून सातव्यात मी वाट्टेल ते लिहिते. मंत्र्यांच्या कार्डावर सातवा होता, "तुम्हाला रात्री झोप कशी लागते?" कोण विचारतंय! मनातली मळमळ कार्डावर काढायची, कार्यक्रम संपला की कार्ड फाडायचं. फुकटचं औषध.

तुमच्या कार्डावर? ते नाही सांगता येणार हो. म्हणजे, विषय 'अबोला'. तुम्ही सत्तावीस घरांत जाऊन बसलात, कोण कोणाशी का बोलत नाही ते विचारलंत, नावं बदलून छापलंत. चांगलं आहे पुस्तक. खरंच सांगते, तोंडदेखलं नाही, तोंडदेखलं बोलायला वरच्या मजल्यावर माणसं आहेत. ते दोन भाऊ नाहीत का, एकाच दुकानात समोरासमोर बसतात आणि गिऱ्हाईकामार्फत बोलतात — तिथे मी हसले. आणि मग पान एकशे बारा. ती बाई, जी दर सणाला बहिणीसाठी साडी — नाही, मी पुस्तकाबद्दल बोलायचं नाही, माझाच नियम. पण ते प्रकरण मला नाही पटलं. त्या बाईला काय वाटतं हे तुम्ही लिहिलंत, पण तिने केलं काय होतं? तिने बहिणीचं केलं काय, ते मोघम ठेवलंत. का? तिने सांगितलं नाही म्हणून? कशी सांगेल! कोण सांगतं!

एकदा विचारला गेला म्हटलं ना, तो कोणाला? — सांगते, अजून दहा मिनिटं आहेत. अकरा वर्षांपूर्वी, शहरात एका लहान मुलांच्या दवाखान्यात आग लागली. तिथल्या मोठ्या नर्सबाईंनी नऊ बाळं बाहेर काढली. नऊच्या नऊ. दोन दोन करून, चादरीत बांधून. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तिचाच फोटो, केस जळलेले, हातात शेवटचं बाळ. साहेब म्हणाले, काहीही करा, ह्या बाईंना आणा. आता मला काय अवघड? माझी सख्खी ताई ती. फोन केला, ये म्हटलं. नको गं, म्हणाली. मला नाही बोलता येत, तुला माहितीये. मी म्हटलं, मी आहे ना. तेव्हा हा गप्प बसवायचा नियम नव्हता, मॅडम. तेव्हा उलटं होतं, पाहुण्याला इथे बोलतं करायचं, मोकळं करायचं. आणि ताई बसली तिथे — तिथेच, तुमच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन — आणि मोकळी झाली. म्हणाली, "सगळे मला देवी करून बसलेत, पण मी आधी पळाले गं. एकटी. जिना उतरून थेट फाटकापर्यंत. फाटक उघडलंसुद्धा. मग परत फिरले." एवढंच. घरी नवऱ्यालाही नव्हतं सांगितलं. आणि म्हणाली, "हे आत काढू नका हं. इथलं इथेच."

मी हो म्हटलं. आणि पाणी आणते सांगून बाहेर जाऊन सातवा प्रश्न लिहिला, "आधी तुम्ही एकट्याच फाटकापर्यंत पळालात, मग परत का फिरलात?"

असं बघू नका हो. मला वाटलं त्याने ती आणखी मोठी दिसेल. पळून गेलेलं माणूस परत येतं, आगीत, ह्याच्यापुढे नुसतं धाडस काय! — हे मी अकरा वर्षं स्वतःला सांगतेय, घासून घासून गुळगुळीत झालंय. खरं सांगू? घरात तिची आरती चालली होती. आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून फोटो दाखवत होती, आणि मला म्हणाली, तू काय करतेस गं रेडिओत, नक्की? तेव्हा माझ्याकडे पहिल्यांदा असं काहीतरी होतं जे कोणाकडेच नव्हतं. लाल शाईतच लिहिलं होतं की मी! राखीव होता तो. साहेब चौथ्याच्या पुढे जात नाहीत, हे शिपायालासुद्धा माहीत. फक्त एक विसरले. ताई मितभाषी. साहेब विचारतात, "भीती वाटली?" ती, "हो." "मग काय केलंत?" "उचललं आणि नेलं." लहानपणापासून तशीच, मला माहीत नको? बहीण आहे मी तिची! आणि साहेबांना आगीवरून नेमकं काही आठवेना. अकरा मिनिटांत सहा प्रश्न संपले. काचेपलीकडून मी त्यांना कार्ड उलटताना पाहिलं. हात हलवला मी, असा, दोन्ही हात. त्यांना वाटलं मी सांगतेय, वेळ आहे, विचारा.

थेट प्रक्षेपण होतं. एकोणीस सेकंद ती काहीच बोलली नाही. घड्याळ समोरच असतं, मोजायचं नसलं तरी मोजलं जातं. मग तिने कानावरचे फोन काढले, वायरीची नीट घडी घातली, टेबलावर ठेवले, आणि बाहेर आली. इथे आली. पर्स घेतली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि जिना उतरून गेली. तेव्हापासून आमचा अबोला. दुसऱ्या दिवशी त्याच पेपरांनी 'आधी पळाली' असा मथळा केला. महिन्याभरात तिने नोकरी सोडली. आणि साहेबांनी बोलावून माझ्या खांद्यावर हात ठेवला, "बाई, काय प्रश्न काढलात!" एकोणीस वर्षांतलं एकमेव कौतुक.

रडत नाहीये. धूळ आहे ह्या खोलीत, दोन वर्षं तक्रार चाललीये. — तर मॅडम, एक विनंती होती. भाची सांगते, बुधवारी अकरा वाजले की तिची आई, म्हणजे ताई, रेडिओ लावते आणि आवाज न करता भांडी घासते. कार्यक्रम संपला की बंद. म्हणजे आत्ता ती लावेल. आणि तुमच्या कार्डावर सातवा आहे, "ज्याने विश्वास मोडला, त्याने अकरा वर्षांनी फोन केला तर समोरच्याने उचलावा का?" अकरा हा आकडा तिला कळेल. उत्तर काय ते तुम्ही ठरवा, मी कोण सांगणारी. फक्त सातव्यापर्यंत पोचायला हवं. म्हणून म्हणते, आत थोडक्यात बोला. हो, नाही, उचललं आणि नेलं — असं. साहेबांना काही आठवू देऊ नका. सत्तावीस घरं म्हणालात तर त्यांना स्वतःचं घर आठवेल, आकडाच काढू नका. एवढं कराल ना माझ्यासाठी?

तो बघा, दिवा लागला. उठा, पर्स राहू दे, मी बघते. वही— वही कशाला न्यायची आत? आणा इकडे, ठेवते. अहो, हे... हे उजळणीचं नाही. दीड पान? 'फाटक उघडलंसुद्धा' — हे माझं आहे. म्हणजे ताईचं आहे. अठ्ठाविसावं घर करताय का मला? नावं बदलाल हो, बदलाल, पण तिला कळेल ना! पुन्हा माझ्याकडूनच गेलं, हेही कळेल. मॅडम, हे आत काढू नका हं. इथलं इथे—

...

जा तुम्ही. दार जड आहे, दोन्ही हातांनी ढकला.