ज्ञानदा गोलात असेल तर

हॉस्पिटलची बस अर्दियातून सुटली की डोळे मिटायचे, हा माझा नेम. पण पुढच्या सीटवर दोन मराठी नर्सेस बसल्या होत्या, एक थोरली आणि एक नुकतीच कुवेतला आलेली.

"सुनंदाताई, शुक्रवारी गेलिक फुटबॉलची फायनल ना? आपल्या मुली जिंकतील?"

"समोर बहरीन आहे, रसिका. त्यांच्या आयरिश पोरी लहानपणापासून हेच खेळतात. आपल्या निम्म्या जणी इथे येऊन शिकल्या."

"म्हणजे अवघडच."

"अवघड आहे, पण गोलात आपल्या हॉस्पिटलची ज्ञानदा आहे. बॉल बारवरून गेला तर एकच पॉइंट जातो, जाळ्यात गेला तर तीन. ती जाळ्यात जाऊ देत नाही. फक्त डावीकडे जरा उशिरा झेपावते."

"किती बारकाईने बघता हो! मलाही न्या ना या वेळी."

"मी कुठे बघते? दुसऱ्या दिवशी माझ्याकडून वॉर्डाचा चार्ज घेताना तीच सांगते. आधी मॅच, मग पेशंट."

"तुम्ही एकदाही गेला नाहीत?"

"कशी जाणार? ती गोलात उभी असते तेव्हा तिच्या वॉर्डात मी उभी असते."

"म्हणजे शुक्रवारीही तिची ड्यूटी तुम्हीच करणार!"

"तू जा शुक्रवारी. डावीकडे कशी झेपावते, तेवढं नीट बघून ये."