टाळी आधी, वादन नंतर

आदरणीय अध्यक्ष महोदय, ज्यांनी उचललेल्या एका फोनमुळे आमच्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं ते आजचे प्रमुख पाहुणे, संगीत विद्यालयाच्या कार्यवाह, सर्व शिक्षकवर्ग, आजी-माजी विद्यार्थी, त्यांना वेळेवर आणून सोडणारे आणि न्यायला हमखास उशिरा येणारे पालक, आणि सत्कारमूर्ती बाई,

मला दोन मिनिटं दिली आहेत. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, तेव्हा दोन मिनिटं म्हणजे किती हे मला नीट कळतं. पाळीनच असं मात्र नाही. एकतीस वर्षं व्हायोलिन शिकवून बाई आज निवृत्त होताहेत. त्यांना बाई तुम्ही म्हणता. घरी मी असं म्हटलं तर चहा मिळायचा नाही, पण व्यासपीठाची शिस्त म्हणून आज मीही बाईच म्हणतो.

त्यांच्या शिकवण्याबद्दल अधिकाराने बोलणारे इथे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे आमच्या घरच्या चित्रीकरणाबद्दल, कारण त्या खात्याचा मी एकमेव कर्मचारी आहे.

सात वर्षांपूर्वी बाईंनी ठरवलं, की मुलांना घरी सरावासाठी व्हिडिओ पाठवायचे. फोनवर चित्र झकास यायचं, पण आवाज असा की कुणी पत्र्याच्या डब्यात बसून व्हायोलिन वाजवतंय. म्हणून एक छोटा रेकॉर्डर आणला. चित्र फोनमध्ये, आवाज रेकॉर्डरमध्ये, आणि नंतर कॉम्प्युटरवर दोघांची गाठ घालून द्यायची. त्यासाठी सुरुवातीलाच कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी द्यावी लागते. चित्रात तळहात भेटतात ती जागा आणि आवाजाच्या आलेखात टोक उठतं ती जागा, या दोन जुळवल्या की पुढचं सगळं आपोआप जुळतं. निदान मी तरी तसं समजत होतो.

टाळी द्यायचं काम अर्थातच माझं. त्याआधी फ्रिज बंद, पंखा बंद, आणि बैठकीतल्या भिंतींवरची अकराच्या अकरा घड्याळं बंद. घड्याळजीच्या घरात टिकटिक नको म्हणणं म्हणजे काय, विचार करा. टाळी देऊन मी सोफ्यामागे जाऊन उभा राहायचो, तेही श्वास जपून. शेवटचा स्वर पुरता विरेपर्यंत हलायचं नाही, मग दोन्ही बटणं बंद करायची आणि फ्रिजकडे धावायचं. दोनदा मी धावायला विसरलो. त्या दुधाचा विषय बाई इथे असताना नको.

एकदा बाई म्हणाल्या, की लोक ऐकून झाल्यावर टाळ्या वाजवतात, आमच्याकडे मात्र न ऐकताच आधी वाजवून मोकळे होतात. मी हसलो. नुसताच हसलो, हे आज कबूल करतो.

गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडू लागली. थोडंफार शिकवा, पण दीर्घ वादन आता थांबवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंची स्वतःची एक बावीस मिनिटांची रचना आहे. तुम्ही सगळे ती तुकड्यातुकड्यांनी शिकला आहात. सलग अशी ती आम्ही कधी टिपलीच नव्हती. घरचंच तर काम, कधीही करू, असं म्हणता म्हणता सात वर्षं गेली. मग एका सकाळी बाई म्हणाल्या, आज बोटं ऐकताहेत, आजच करून टाकू, पुन्हा जमेल असं वाटत नाही.

अध्यक्ष महोदय, इथून पुढे मी त्यांना ‘ती’ म्हणणार आहे. बाई बाई म्हणत हे सांगणं मला जमत नाहीये.

फ्रिज, पंखा, घड्याळं, टाळी, सगळं रीतसर झालं. ती वाजवत गेली आणि मी सोफ्यामागे उभा. शेवटचा स्वर विरला, पण मी बटणं बंद करायला गेलोच नाही. डोळे भरले होते, समोरचं काही दिसत नव्हतं. तिने वाट पाहिली, व्हायोलिन टेबलावर ठेवलं आणि कॅमेऱ्यासमोर स्वतःच एक टाळी वाजवली. म्हणाली, “तुमची राहिली, म्हणून मीच वाजवली.”

संध्याकाळी मी दोन्ही जुळवलं. सुरुवात चोख बसली. शेवटाकडे येता येता मात्र चित्रात व्हायोलिनचा गज थांबायचा आणि आवाज पुढे चालूच राहायचा. जेमतेम पाव सेकंद. पाव सेकंदाने काय बिघडतं, असं वाटतं ना तुम्हाला? ज्याचा हात आहे त्याला ते दिसतं. तिने पूर्ण पाहिलं आणि म्हणाली, “हे दुसऱ्याच कुणीतरी वाजवल्यासारखं वाटतंय.” मग उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी बोटं इतकी सुजली होती की पुन्हा वाजवण्याचा प्रश्नच नव्हता. मी शेवट ओढून जुळवला की सुरुवात बिघडायची. दोन दिवस आमच्यात मिठासाखरेपुरतंच बोलणं होतं.

शेवटी मी प्रमुख पाहुण्यांना फोन केला. त्यांची हयात ध्वनिमुद्रणात गेली आहे. ते म्हणाले, यंत्रं दोन म्हणजे आतली घड्याळंही दोन, त्यातलं एक जरा मागे पडत असणार; छोट्या तुकड्यांत ते कळत नाही, बावीस मिनिटांत कळतं. आणि मग सहज विचारलं, की आपला व्यवसाय काय. चाळीस वर्षं मी लोकांची मागे पडलेली घड्याळं दुरुस्त करतोय हो. त्यांना काय सांगणार?

आवाज किंचित आवळता येईल, ते म्हणाले, पण त्यासाठी शेवटीही एक खूण लागेल. शेवटी टाळी दिली होती का? मी नाही म्हणणार होतो, कारण सात वर्षांत मी शेवटी कधी टाळी दिलीच नव्हती. आणि मग मला आठवलं. दोन्ही यंत्रं चालू होती. टाळी होती, तिची होती.

त्या दोन टाळ्यांच्या मध्ये मी तो आवाज केसभर आवळला. तिला बोलावून बसवलं. बावीस मिनिटं तिने गजावरची नजर हलवली नाही. गज थांबला, आवाजही तिथेच थांबला, तेव्हा म्हणाली, “हं. ही मीच.”

तेच वादन आता तुम्हाला या पडद्यावर दाखवणार आहोत. तिची टाळी मी कापलेली नाही.

विद्यालयाने मला बोलू दिलं, पाहुण्यांनी फोन उचलला, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. दोन मिनिटांची किती झाली ते मी मुद्दामच पाहिलेलं नाही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर घड्याळजीची चूक म्हणून पोटात घाला. एकच विनंती आहे. पडद्यावर तिची टाळी झाली की तुम्ही सगळ्यांनी क्षणभर हात आवरा. पहिली मला वाजवू द्या, सात वर्षं राहिली आहे.