देवाची तवकीर आणि दाजींचं कुलूप

मंडळी, सांगा बरं — देवासाठी राखलेला घास भुकेल्या पोरीला दिला, तर देव बाटतो का? ठरवायचंय? मग ऐका.

कोकणातल्या एका गावात दाजी मुळ्ये नावाचे मोठे भक्त होते. भक्त कसले, भक्तीचे मक्तेदार! गावात तवकिरीचा वाफा काय तो त्यांचा. पानं पिवळी पडली की कंद खणायचे, किसायचे, पाण्यात कालवून गाळायचे. तळाशी साका बसतो ना पांढराशुभ्र, तो वाळवला की झाली तवकीर! उत्सवात तिच्या वड्या देवापुढे ठेवायच्या आणि स्वतः त्या ताटाशेजारी उभं राहायचं. लोकांनी आधी पाहायचं कुणाला? दाजींना!

त्या वर्षी शेजारची सगुणा धावत आली.

"दाजी, पोरीच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही हो! वैद्य म्हणतात, तवकिरीची पेज द्या. मूठभर तरी —"

"देवाची आहे ती! उष्टी करू?"

वा रे भक्त! कोठीला कुलूप घातलं आणि जपाला बसले!

पण घरात जानकीकाकू होत्या, दाजींची बायको. नवरा देवळात गेला तशी त्यांनी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि घातला कुलपावर! डबा घेऊन तडक सगुणाच्या चुलीशी. चमच्या-चमच्याने पेज भरवली. तिसऱ्या दिवशी पोर उठून बसली, "आणखी दे" म्हणाली. सगुणा पदरात तोंड लपवून रडली.

आणि दाजी? उत्सवात, भर मंडपात ओरडले, "हिने देवाचा नैवेद्य चोरला!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "मागायला सगुणा आली होती. देव काही आला नव्हता."

सारा मंडप हसला! दाजी सुधारले? छे! वाफ्याला काटेरी कुंपण घातलं! पण काकूंनी त्याआधीच घरोघर कंद वाटले होते. वर्षाच्या आत प्रत्येक विहिरीपाशी तवकीर उभी राहिली. आता दाजींच्या दारात मागायला कुणी फिरकत नाही. बसलेत कुंपणाआड, राखण करत!

हसताय? हसा! पण घरी गेल्यावर जरा बघा — देवाचं नाव सांगून तुम्ही कुणाला दारातून परत पाठवलंय. आज तो बाहेर असेल, तर आधी त्याला आत घ्या. आरती थांबेल!