हसतमुख सून

मला गल्लीत टेलरकाकू म्हणतात. वय अडुसष्ट वर्षे, व्यवसाय शिवणकाम, राहणार घड्याळवाल्याच्या दुकानावर, दुसरा मजला. पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझा मुलगा व सून असे राहतो. मुलगा बोटीवर नोकरीला असल्याने घरात बहुतेक आम्ही दोघीच असतो. लेक पलीकडच्या गल्लीत दिली आहे.

मंगळवारी दुपारी मी शिवून झालेल्या पडद्यांचे गाठोडे घेऊन जिना उतरत होते. सून वरून म्हणाली, "आई, थांबा, मी घेते." मी म्हणाले, "मला काय हात नाहीत?" गाठोड्यामुळे पायरी दिसली नाही. पाय चुकला व मी खालपर्यंत घरंगळत गेले. मला कोणीही ढकललेले नाही. सुनेचा हात माझ्यापर्यंत पोचला नसता, इतकी ती लांब होती. मी पडले तेव्हा सून घाबरून उभी होती.

त्याच वेळी लेक मला भेटायला येत होती. मला खाली पडलेली पाहून सून वर उभी राहून हसत होती, असे तिने आपल्याकडे सांगितले. घड्याळवाल्यानेही तेच सांगितले. दोघेही खोटे बोलणारे नाहीत.

सुनेला लहानपणी तापात चेहऱ्याचा लकवा झाला होता. डावी बाजू तेव्हापासून लुळी आहे. ती घाबरली की उजवीकडून ओठ वर ओढला जातो. तिचे वडील गेले तेव्हा ती हसते आहे असे समजून नातेवाइकांनी तिला उठवून बाहेर बसवले होते. मी तिला पाहायला गेले त्या दिवशीही ती घाबरलेलीच होती. पोरगी हसतमुख आहे, म्हणून मीच पसंत केली. लग्नानंतर ब्लाउजचे माप घेताना ती मला म्हणाली, "आई, माझ्या तोंडाकडे नका बघू, डोळ्यांकडे बघत जा." मला सवय व्हायला वेळ लागला. लेकीला मी हे कधी सांगितले नव्हते.

शुद्ध जाण्यापूर्वी मी तिचे डोळे पाहिले आहेत. त्याबद्दल अधिक सांगायचे नाही.

लेक रडत होती, लोक तिला सावरत होते. सुनेने पडदा फाडून माझ्या डोक्याला दाबून धरला. दवाखान्यात तिची बोटे एकेक करून सोडवावी लागली, असे नर्सने सांगितले. शुद्धीवर आल्यावर कळले की तिला चौकशीसाठी येथे आणले आहे. प्रश्न विचारला की ती हसते, म्हणून संशय बळावला, असे हवालदार मला आज दारातच म्हणाले.

लेकीवर माझा राग नाही. ती माझ्यासोबत आली असून बाहेर बाकावर सुनेशेजारी बसली आहे. अजून दोघी बोललेल्या नाहीत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'मी पडले तेव्हा सून हसत उभी होती' असे लिहिले गेले होते. माझ्या सांगण्यावरून 'हसत' हा शब्द खोडून 'घाबरून' असा केला व तेथे माझी सही घेतली. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.